पेशीच्या केंद्रकाला वेगळं आवरण हवंच कशाला?

खडूधारी | रविवार, सकाळी १०:१२

मंडळी, मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. पेशीच्या धड्यात केंद्रकाबद्दल ठरलेली वाक्यं असतात: दुहेरी आवरण, त्यावर छिद्रं, आत गुणसूत्रं. पोरं पाठ करतात, आकृतीला नावं देतात, मार्क घेतात आणि विसरतात. माझीही काही तक्रार नव्हती.

या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, बॅक्टेरियाला हे आवरण नसतं, तरी तो मजेत जगतो. मग आपल्याला कशाला?" मी म्हटलं, डीएनएच्या संरक्षणासाठी. त्यावर ती म्हणते, "मग पेशी विभागताना, जेव्हा गुणसूत्रं इकडून तिकडे ओढायची असतात, तेव्हाच ते मोडून का टाकतात?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो. सोमवारी पुन्हा तोच वर्ग आहे. इथे डॉक्टर आहेत, संशोधक आहेत आणि सर्वज्ञ तर आहेतच. तिचे दोन प्रश्न आहेत, तिसरा माझा: आवरण दुहेरी का? एका पदराने भागलं नसतं का?

---

तिखटमीठ | १०:२०

सर, वर्ग तिला शिकवू द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

नटबोल्ट | १०:४१

मी मेकॅनिकलवाला, तेव्हा माझे दोन पैसे. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो, आणि केंद्रक मायक्रोमीटरमध्ये मोजायचं. एवढं सामान उघड्यावर टाकलं तर गुंता होणारच. म्हणून भिंत, आणि ये-जा करायला भिंतीत दारं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो तसं. ओळखीचा असेल तर सोडतो, नाहीतर "कुठं जायचंय?" यात इतकं अवघड काय आहे?

---

काचपट्टी | ११:०५

मास्तर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आकृतीत नेमकं तेच चुकवतात.

पुस्तकात एकात एक दोन वर्तुळं काढलेली असतात, जणू दोन वेगळ्या पिशव्या. तसं नाही. बाहेरचं पटल पुढे सलग जाऊन आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीद्रवात पसरलेलं पटलांचं जाळं, होतं. त्याच्या अंगावर रायबोझोमसुद्धा (प्रथिन बनवणारी यंत्रं) बसलेले असतात. दोन पटलांमध्ये साधारण ३० ते ५० नॅनोमीटरची फट असते आणि ती जालिकेच्या आतल्या पोकळीशी जोडलेली असते. प्रत्येक छिद्राच्या कडेला बाहेरचं पटल वळून आतलं पटल होतं. म्हणजे केंद्रकाभोवती गुंडाळलेलं आंतर्द्रव्यजालिकेचंच हे अंग आहे. चपटी पोकळी गोल वस्तूभोवती गुंडाळली की दोन पदर आपोआप येतात. "दुहेरी का" याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

नटबोल्ट, भिंतीबद्दल: ही दोन्ही पटलं मिळूनसुद्धा मजबुती फारशी नाही, शेवटी तो मेदाचा पातळ थर. ताकद देतं ते आतल्या पटलाला लागून असलेलं लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या तंतूंचं जाळं. शाळेच्या आकृतीत ते नसतंच, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. ओपीडी आटोपून लिहितो.

---

शेंगदाणा_लाडू | ११:१८

पॅथॉलॉजिस्टला कसली ओपीडी?

---

काचपट्टी | ११:२४

गावात लॅब असली की सगळेच रिपोर्ट घेऊन समोर बसतात, ताई. तीच ओपीडी.

---

लायनाकाठी | दुपारी १२:३०

गॉटिंगेनहून नमस्कार. माझं काम वेगळं आहे, पण आमच्या गावात या छिद्रांवर आयुष्य घालवलेली माणसं कँटीनच्या रांगेत भेटतात, त्यामुळे कानावर बरंच पडतं.

नटबोल्ट, तुमचा वॉचमन पटकन कळतो, पण तो मुद्द्याच्या जागी फसवतो. एक तर ते साधं भोक नाही. सस्तन प्राण्यांच्या एका केंद्रकावर अशी काही हजार छिद्रं असतात. त्यातलं प्रत्येक छिद्र म्हणजे सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या जवळपास हजार रेणूंची आठ बाजूंची मांडणी. पेशीतल्या सगळ्यात अवजड यंत्रांपैकी हे एक.

दुसरं, तिथे उघड-मीट करणारी झडप नाही. मधल्या वाटेत काही प्रथिनांच्या सैल, लोंबत्या साखळ्या असतात आणि त्यांत फेनिलअॅलनीन-ग्लायसीन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. त्यांची मिळून एक दाट गर्दी होते. पाणी, क्षार, एटीपी, छोटी प्रथिनं यांना ती अडवत नाही. साधारण ४० किलोडाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) वरचं प्रथिन मात्र एकट्याने जाऊ शकत नाही. त्याला इम्पोर्टिन नावाचं वाहक प्रथिन लागतं. इम्पोर्टिनला त्या साखळ्यांशी क्षणभर चिकटता येतं, म्हणून ते गर्दीतून वाट काढतं. कोणी कोणाला परवानगी देत नाही.

कोणतं प्रथिन आत न्यायचं हे त्या प्रथिनाच्या साखळीतच लिहिलेलं असतं. याचं पहिलं नीट ओळखलेलं उदाहरण १९८४ चं, एसव्ही४० विषाणूच्या एका प्रथिनातलं: प्रोलीन, तीन लायसीन, अर्जिनिन, पुन्हा लायसीन, व्हॅलीन. सात अमिनो आम्लं, बस. त्यातलं एक ठरावीक लायसीन बदललं की ते प्रथिन बाहेरच राहतं.

आता खरी मेख. इम्पोर्टिन आत गेलं, पण त्याने माल आतच उतरवायचा हे त्याला कसं कळतं? त्यासाठी रॅन नावाचं छोटं प्रथिन आहे. त्याला जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जा देणारा छोटा रेणू) चढवणारं प्रथिन गुणसूत्रांना धरून बसलेलं असतं, म्हणजे आत. जीटीपी तोडायला लावणारं प्रथिन छिद्राच्या बाहेरच्या अंगाला. त्यामुळे आत रॅन-जीटीपी भरपूर, बाहेर जवळजवळ नाही. रॅन-जीटीपी इम्पोर्टिनला भिडलं की माल सुटतो. बाहेर नेणाऱ्या एक्स्पोर्टिनचं नेमकं उलट: रॅन-जीटीपी असेल तरच ते माल उचलतं, आणि बाहेर जीटीपी तुटलं की सोडतं. दिशा छिद्र ठरवत नाही, दोन बाजूंच्या रसायनातला फरक ठरवतो. एकेका छिद्रातून सेकंदाला हजाराच्या घरात रेणू जाऊ शकतात.

---

तिखटमीठ | १२:३८

सेकंदाला हजार, आणि कोणी नाव-फोन-सही रजिस्टरमध्ये लिहायला लावत नाही. आमच्या सोसायटीत शक्य नाही.

---

नटबोल्ट | १२:५५

वॉचमन मागे घेतो. पण मग प्रश्न आणखी कडक झाला. इतकी महागडी यंत्रणा, वर सतत जीटीपीचा खर्च. मास्तरांच्या विद्यार्थिनीचा मुद्दा कायम आहे: हा खटाटोप कशासाठी?

---

वडाचीपारंबी | १:४०

यासाठी.

बॅक्टेरियात जनुकाची आरएनए प्रत निघत असतानाच तिच्या पुढच्या टोकावर रायबोझोम चढतात आणि प्रथिन बनवायला लागतात. नक्कल आणि भाषांतर एकाच जागी, एकाच वेळी. त्यांना ते परवडतं, कारण त्यांची जनुकं सहसा सलग असतात.

आपली जनुकं तुकड्या-तुकड्यांत असतात. मध्ये इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी निरुपयोगी मजकूर. डिस्ट्रोफिन हे स्नायूंतल्या प्रथिनाचं जनुक बघा: २२ लाखांहून जास्त अक्षरं, आणि सगळं कापून-जोडून झाल्यावर उरणारा आरएनए सुमारे १४ हजारांचा. पोलिमरेज, म्हणजे आरएनए प्रत काढणारं विकर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला सुमारे १६ तास घेतं. तोवर रायबोझोम त्या अर्धवट प्रतीवर चढले तर? इंट्रॉनसकट वाचत सुटतील आणि भलतंच प्रथिन बनवतील. कापाकापीला वेळ लागतो, रायबोझोम घाईचे. दोघांना एका खोलीत ठेवता येत नाही.

विल्यम मार्टिन आणि युजीन कूनिन यांनी २००६ मध्ये हीच कल्पना मांडली: तंतुकणिकेच्या पूर्वज बॅक्टेरियाबरोबर इंट्रॉन आले, ते पसरले, आणि नक्कल आणि भाषांतर यांना वेगळं करण्याच्या निकडीतून केंद्रकावरण टिकलं. मला ही सगळ्यात पटणारी मांडणी वाटते. "संरक्षण" हे उत्तर अर्धंसुद्धा नाही.

---

निवांत_नाना | २:१५

म्हणजे आरएनए केंद्रकातून बाहेर येतो. मग आत पण जात असणार. म्हणूनच मी त्या आरएनए लशींच्या विरोधात होतो. आपला डीएनए बदलतात.

---

लायनाकाठी | २:३१

नाना, उलट या धाग्यात तुमच्या शंकेचं उत्तर आहे. लशीतल्या आरएनएचं काम पेशीद्रवातल्या रायबोझोमपाशीच होतं. केंद्रकात जायची त्याला गरज नाही, त्याच्यावर आत नेणारी खूण नाही, आणि थोड्या काळात पेशी त्याचे तुकडे करते. शिवाय आरएनए आत गेला तरी तो डीएनए होत नाही. त्यासाठी वेगळं विकर लागतं, आणि ते लशीत नसतं.

केंद्रकात जावी लागणारी लस आपल्याकडेच झाली होती: झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी. ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस. तिच्यातलं वर्तुळाकार डीएनए आत पोचल्याशिवाय त्याची आरएनए प्रत निघत नाही. केंद्रकावरण पार करणं ही डीएनए लशींची जुनी डोकेदुखी आहे. तेही वर्तुळ गुणसूत्रात जोडलं जावं म्हणून बनवलेलं नसतं.

---

निवांत_नाना | २:४४

तुम्ही म्हणता तर बरं. आमच्या ग्रुपवर पाठवू का?

---

तिखटमीठ | २:४५

पाठवा नाना, आणि "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" येईपर्यंत थांबू नका.

---

कृष्णाकाठचा_गडी | ३:१०

लई भारी चाललंय. वाचनखूण साठवली. एक शंका हाय: विषाणू मग आत कसं जात्यात? त्येंच्याकडं पास असतोय व्हय?

---

लायनाकाठी | ३:३६

काहींकडे असतोच! वर सांगितलेली सात अक्षरी खूण विषाणूचीच होती की.

एचआयव्हीचं प्रकरण मजेदार आहे. त्याचं शंकूसारखं कवच जाड टोकाला सुमारे ६० नॅनोमीटर रुंद असतं. छिद्राची मधली वाट त्याहून अरुंद, असं बरीच वर्षं मानलं जाई, म्हणून कवच बाहेर फुटत असणार असा अंदाज होता. २०२१ मध्ये गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीत अख्खी कवचं छिद्रात अडकलेली आणि पलीकडे गेलेली दिसली. जिवंत पेशीतलं छिद्र वेगळ्या काढलेल्या नमुन्यांपेक्षा जास्त रुंद असतं.

हर्पिसची तऱ्हा निराळी. त्याचं कवच केंद्रकातच तयार होतं, १२५ नॅनोमीटरचं. छिद्रातून बाहेर पडणं अशक्य. मग ते आतल्या पटलाचा फुगा करून दोन पटलांमधल्या फटीत शिरतं, आणि तिथून बाहेरच्या पटलाशी एकरूप होऊन सुटतं. करोना विषाणू या भानगडीत पडतच नाही, त्याचं संसाराचं सगळं पेशीद्रवात चालतं.

---

काचपट्टी | ५:५०

आलो. आता लॅमिन.

माझ्या धंद्यात केंद्रकावरणाकडे रोज बघावं लागतं. प्रत्यक्ष आवरण साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही, तेवढी ताकदच नसते त्याची. दिसते ती आवरणाला आतून चिकटलेल्या दाट क्रोमॅटिनची (डीएनए आणि त्याला बांधलेली प्रथिनं) कड. ती कड गुळगुळीत, गोल असेल तर मन शांत. पॅप स्मिअरमध्ये (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) ती वाकडीतिकडी, चुरगळलेली दिसली की मान पुढे जाते. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचं निदान तर मुख्यतः केंद्रकावरच करतात: आवरणाला लांब खाच पडलेली, कधी पेशीद्रवाचा गोळा आवरणासकट आत शिरलेला. त्या गाठीच्या रिपोर्टवर सही करताना मी बाकीच्या पेशीकडे नंतर बघतो.

दुसरं एक, नव्या टेक्निशियनसाठी मुद्दाम सांगतो. रक्तातल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक सहसा तीन-चार खंडांचं असतं. काही निरोगी माणसांत ते दोनच खंडांचं, चष्म्याच्या भिंगांसारखं दिसतं. त्याला पेल्गर-ह्युएट म्हणतात. आतल्या पटलातल्या लॅमिन बी रिसेप्टर या प्रथिनाच्या जनुकात बदल असतो. माणूस ठणठणीत असतो, पण बघणाऱ्याला कोवळ्या पेशी वाढल्यासारखं वाटतं, आणि विनाकारण संसर्गाची शोधाशोध आणि प्रतिजैविकं सुरू होतात. काउंटिंग मशीनवर न विसंबता काच बघा, एवढंच.

---

गवतीचहा | ७:१५

हा धागा सहज उघडला आणि लॅमिन शब्द वाचून थांबले.

माझ्या मावसभावाला एमरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. लहानपणी तो टाचा टेकून चालायचा नाही, कोपर पूर्ण सरळ व्हायचं नाही. आधी सगळे म्हणाले सवय आहे, मग म्हणाले व्यायाम करत नाही. एका मोठ्या रुग्णालयात "पोलिओचा सौम्य प्रकार" असंही सांगून झालं. निदान झालं ते तरुणपणी चक्कर येऊन पडल्यावर. ईसीजीत हृदयाचे ठोके फार मंद निघाले आणि पेसमेकर बसवला. मग जनुकीय तपासणी. डॉक्टरांनी समजावलं होतं की दोष केंद्रकाच्या आवरणातल्या प्रथिनात आहे. मावशीला तेव्हा कळलं नाही, मलाही नाही. आवरण तर प्रत्येक पेशीत आहे ना? मग फक्त स्नायू आणि हृदयच का?

---

काचपट्टी | ७:५२

ताई, भाऊ आता बरे आहेत ना? या आजारात स्नायूंपेक्षा हृदयाच्या तालावर लक्ष ठेवणं महत्त्वाचं, त्यामुळे पेसमेकर झाला हे उत्तम. हृदयाची तपासणी मात्र चुकवू नये. काहींना पुढे डिफिब्रिलेटरही लागतो. घरातल्या इतरांनीही जनुकीय सल्ला घेतला का विचारा. एक्स गुणसूत्रावरच्या प्रकारात वाहक बायकांनाही कधी हृदयाचा त्रास होतो.

एमरी आणि ड्रायफस यांनी हा आजार १९६६ मध्ये मांडला. त्याचं पहिलं जनुक १९९४ मध्ये सापडलं आणि त्यातल्या प्रथिनाला एमेरिन नाव मिळालं. ते आतल्या पटलात असतं. १९९९ मध्ये लॅमिन ए/सी चं जनुकही याच आजारात सापडलं.

"स्नायूच का" हा फार चांगला प्रश्न आहे आणि त्यावर एकमत झालेलं नाही. एक बाजू यांत्रिक आहे, ती नटबोल्टना आवडेल.

---

लायनाकाठी | ८:२०

गवतीचहा, मी जोडते. केंद्रक पेशीत सुटं तरंगत नसतं. आतल्या पटलातली सन प्रथिनं आणि बाहेरच्या पटलातली नेस्प्रिन प्रथिनं दोन पटलांमधल्या फटीत एकमेकांना धरतात. एका टोकाला लॅमिनचं जाळं, दुसऱ्या टोकाला पेशीचा सांगाडा. त्यामुळे पेशीवर आलेला ताण थेट केंद्रकापर्यंत पोचतो. हृदय आणि स्नायू आयुष्यभर आकुंचन पावतात, तिथे कच्चं जाळं आधी दगा देतं, ही यांत्रिक बाजू. दुसरी बाजू जनुकांची: कितीतरी मिटवून ठेवलेली जनुकं लॅमिनच्या जाळ्याला टेकलेली असतात. जाळं बिघडलं की ती नको तिथे, नको तेव्हा वाचली जाऊ शकतात. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने वेगवेगळ्या ऊतींतलं लॅमिन मोजलं. ऊती जितकी ताठ, तितकं लॅमिन ए जास्त: मेंदूत अगदी कमी, स्नायूंत आणि हाडांत भरपूर. भारतातही यावर जुनं काम आहे. हैदराबादच्या सीसीएमबीत वीणा परनाईक यांनी लॅमिनवर अनेक वर्षं संशोधन केलं.

---

गवतीचहा | ८:४१

भाऊ बरा आहे, नोकरी करतो, जिने टाळतो. वाहक बायकांबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. मावशीला आणि बहिणीला सांगते. मनापासून आभार.

---

शेंगदाणा_लाडू | ८:५५

लहान मुलं म्हातारी दिसतात तो आजार, अमिताभने केलेला, तो पण यातलाच ना?

---

काचपट्टी | ९:३०

हो, प्रोजेरिया. तेच लॅमिन ए चं जनुक. साधारण ४० लाख जन्मांत एक. कारण २००३ मध्ये सापडलं आणि ते चक्रावणारं आहे: एका जागी सी ऐवजी टी. या बदलाने अमिनो आम्ल बदलतच नाही! पण तिथे कापायची नवी खोटी जागा तयार होते आणि प्रथिनातून ५० अमिनो आम्लं गळतात. वडाचीपारंबी, कापाकापी किती नाजूक असते याचा तुमच्या बाजूचा पुरावा घ्या.

लॅमिन ए तयार होताना त्याच्या शेपटीला फार्नेसिल हा तेलकट गट लागतो, पटलाला चिकटायला. काम झालं की तो कापला जातो. गळालेल्या भागात ती कापायची जागाच असते, त्यामुळे हे सदोष प्रथिन, प्रोजेरिन, पटलाला कायमचं चिकटून राहतं आणि केंद्रकाला फुगवटे येतात. मुलांच्या रक्तवाहिन्या कडक होतात. उपचारांशिवाय सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांच्या आसपास, मृत्यू बहुधा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने. बुद्धी मात्र शाबूत असते. मेंदूच्या पेशींत लॅमिन ए मुळातच कमी, हे वर आलंच आहे.

लोनाफार्निब हे औषध तो तेलकट गट चिकटू देत नाही. ते आधी कर्करोगासाठी बनवलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रोजेरियासाठी मंजूर झालं. आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. आजार बरा होत नाही.

---

नटबोल्ट | १०:०५

म्हणजे मी सकाळी भिंत म्हणालो ते अगदीच टाकाऊ नव्हतं. भार घेणारा भाग आहेच. मग ती फुटते का कधी?

---

लायनाकाठी | १०:२२

फुटते. पेशी अरुंद फटींतून सरपटते तेव्हा केंद्रक हाच तिचा सगळ्यात अवघड अवयव. २०१६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की अशा वेळी आवरण फाटतं, आतलं बाहेर येतं, डीएनएला इजा होते, आणि ईएससीआरटी नावाची प्रथिनं थोड्याच वेळात ते सांधतात. काचपट्टींच्या न्यूट्रोफिलमध्ये लॅमिन ए फार कमी असतं. ऊतींच्या फटींतून घुसणं हेच त्यांचं काम, त्यांना मऊ केंद्रकच सोयीचं.

आणखी एक. पेशीद्रवात डीएनए दिसला की पेशी त्याला शत्रूचा समजते. सीगॅस नावाचं प्रथिन त्याला पकडून गजर सुरू करतं. आपलं डीएनए आत, म्हणून बाहेरचं परकं ओळखता येतं. तेव्हा वडाचीपारंबी, "संरक्षण हे अर्धंसुद्धा नाही" हे मला मान्य नाही.

---

वडाचीपारंबी | १०:४८

आज त्याचा उपयोग काय आणि ते आलं कशामुळे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीगॅसचा फायदा आवरण असल्यावरचा. लॅमिन तर यीस्टमध्ये नाहीच, तरी तिथे केंद्रक नांदतं. म्हणून मुळाशी मी नक्कल-भाषांतराची फारकतच ठेवतो.

---

लायनाकाठी | ११:१५

यीस्टचा मुद्दा बिनतोड. पण मूळ एकच असावं असं तरी का? बॅक्टेरियावर पडणारे काही अवाढव्य फाज विषाणू घ्या. २०१७ मध्ये दिसलं की ते यजमान बॅक्टेरियात शिरल्यावर आपल्या डीएनएभोवती प्रथिनांचं बंद कवच बांधतात. नक्कल आत, भाषांतर बाहेर, हुबेहूब. इंट्रॉनची कापाकापी हे तिथलं कारण दिसत नाही. बॅक्टेरियाची डीएनए तोडणारी हत्यारं बाहेर राहतात, हा फायदा दिसतो. म्हणजे निव्वळ संरक्षणासाठीही अशी फारकत होऊ शकते.

---

वडाचीपारंबी | ११:३०

फाजचं उदाहरण जोरदार आहे, पण ते पटल नाही, प्रथिन आहे, आणि आपल्या केंद्रकाशी त्याचं नातं सिद्ध झालेलं नाही. असे चकवे आधीही झालेत. जेमाटा नावाच्या बॅक्टेरियात १९९१ मध्ये दुहेरी आवरणातलं डीएनए दिसल्याचा गाजावाजा झाला. २०१३ च्या त्रिमितीय चित्रात ते घड्या पडलेलं एकच सलग पटल निघालं, बंद कप्पा नाही.

आणि आर्कियांमधल्या (बॅक्टेरियांहून वेगळे, पण केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव) आपल्या सगळ्यात जवळच्या अॅसगार्ड गटातला पहिला सूक्ष्मजीव जपानी संशोधकांनी १२ वर्षं खपून वाढवला, तर त्याला केंद्रक नाही, नुसते लांब फाटे फुटलेले. मधली पायरी कोणाला सापडलेली नाही. तोवर मी माझ्या फांदीवर, तुम्ही तुमच्या नदीकाठी.

---

खडूधारी | सोमवार, सकाळी ६:३५

रात्री सगळं वाचून काढलं. गवतीचहा ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पण मंडळी, तिचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. विभाजनाच्या वेळी मोडतात का? साडेअकराला तास आहे.

---

काचपट्टी | ७:०२

मास्तर, सोपं कारण आधी. गुणसूत्रं ओढणारे धागे प्राण्यांच्या पेशीत केंद्रकाच्या बाहेर उगवतात. मध्ये आवरण असेल तर ते गुणसूत्रांपर्यंत पोचणार कसे? म्हणून सीडीके१ हे विकर लॅमिनला फॉस्फेट लावतं, जाळं सुटं होतं, छिद्रं विस्कटतात, पटलं आंतर्द्रव्यजालिकेत मागे सरकतात. काही तुटून नष्ट होत नाही. गुणसूत्रं दोन टोकांना गेली की फॉस्फेट उतरतं आणि जालिका पुन्हा त्यांच्याभोवती गुंडाळली जाते.

आणि मोडणं सक्तीचं नाही. यीस्टमध्ये धागे आवरणाच्या आतच तयार होतात, तिथे केंद्रक न मोडताच लांबतं आणि दोन होतात.

---

वडाचीपारंबी | ७:२०

आणि परवडतं का? विभाजनाच्या त्या वेळात गुणसूत्रं घट्ट गुंडाळलेली असतात आणि प्राण्यांच्या पेशीत जनुकांची नक्कल जवळजवळ बंद असते. अर्धवट आरएनए निघतच नसेल तर रायबोझोम गुणसूत्रांशेजारी आले तरी वाचणार काय? फारकत करणाऱ्या आवरणाची तेवढ्यापुरती गरज नसते. संरक्षण हेच मुख्य काम असतं तर नेमक्या ओढाताणीच्या वेळी ते बाजूला करणं विचित्र ठरलं असतं. तुमच्या विद्यार्थिनीने दोन प्रश्नांत हे आमच्याआधी पकडलं.

---

लायनाकाठी | ७:३१

हे मान्य, एवढ्यापुरतं. सीगॅससुद्धा त्या वेळी गुणसूत्रांच्या प्रथिनांना चिकटून गप्प असतं, म्हणजे त्या बाजूनेही सोय आहे. मास्तर, बेडकाच्या अंड्याचं वर्गात आवर्जून सांगा. त्याचं केंद्रक डोळ्यांनी दिसतं, चिमट्याने सुटं काढता येतं. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचरांच्या अंड्यांतून असं आवरण काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि छिद्रं दिसली.

---

कृष्णाकाठचा_गडी | ७:४०

सर, बेडूक नगं. कांदा बरा. पोरींनी घरी बेडूक कापला तर आया शाळेत येतील.

---

काचपट्टी | ७:५५

कांदाच. नाहीतर गालाच्या आतून कापसाच्या काडीने अलगद खरवडून काचेवर पसरा, मिथिलिन ब्लूचा थेंब, कव्हर स्लिप, जादा रंग टिपकागदाने ओढा. केंद्रक गडद निळं दिसेल. कड दाखवा, पण "हे आवरण" म्हणू नका, ती क्रोमॅटिनची कड आहे. एखादीला केंद्रकाच्या कडेला टाचणी टेकवल्यासारखा गडद ठिपका दिसतो का बघायला सांगा. मुलींच्या काही पेशींत तो असतो: मिटवून ठेवलेलं एक्स गुणसूत्र, आवरणाला टेकलेलं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने दिसेलच अशी खात्री नाही, आणि न दिसणाऱ्या मुलीला कोणी चिडवणार नाही याची काळजी घ्या. खरं तर वर्गात तो शोधायला लावूच नका, नुसतं सांगा.

---

खडूधारी | दुपारी २:१०

तास झाला. आकृती पुसून नव्याने काढली: बाहेरचं पटल जालिकेला जोडून, छिद्राच्या कडेला दोन्ही पटलं जुळवून, आतून लॅमिन. डिस्ट्रोफिनचे १६ तास ऐकून मागचा बाकसुद्धा गप्प होता. तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "मग तंतुकणिकेलाही दोन आवरणं असतात, ती पण अशीच एकमेकांत वळलेली का?"

---

तिखटमीठ | २:१४

मी सांगितलं होतं, मागच्या बाकावर बसा.

---

काचपट्टी | २:४०

नाही. तंतुकणिकेची दोन पटलं वेगळी आहेत, एकातून दुसरं वळत नाही. दोघांची प्रथिनं आणि मेदही निराळे: आतल्यात कार्डिओलिपिन भरपूर, ते बॅक्टेरियाच्या पटलातही सापडतं. वडाचीपारंबींना नवा धागा काढायला सांगा, ते वाटच बघत असतील.

---

वडाचीपारंबी | २:४३

काढतोय.